धारोष्ण दूध, गाभडणाऱ्या म्हशी आणि संशोधनाची जागा

करवीरकर (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळवून फेसासकट दूध पिण्याच्या रीतीवर टीका करणे हा या धाग्याचा हेतू नाही. प्रश्न संशोधनाचा आहे. अन्नातून होणाऱ्या जीवाणूसंसर्गाची चर्चा आपल्याकडे स्वयंपाकघर आणि हॉटेल यांच्यापलीकडे सहसा जात नाही. ब्रुसेला (ज्याने जनावरे गाभडतात), साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर किंवा ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार या जीवाणूंचा मुक्काम मात्र जनावरात असतो, आणि पुष्कळदा ते जनावर दिसायला ठणठणीत असते. ओ१५७ चे विष माणसाची मूत्रपिंडे निकामी करू शकते. ज्या गाईच्या आतड्यात तो राहतो, तिला बहुधा काहीच होत नाही. माल्टा बेटावरील तापाचा जीवाणू, म्हणजे ब्रुसेलाच, डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला, पण तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी निरोगी दिसणाऱ्या शेळ्या तपासल्या तेव्हा कळले. म्हणून माझे मत असे की, तपासणीचा पैसा आधी गोठ्यात गेला पाहिजे.

चार म्हशींचा धनी

करवीरकर यांस, आपण माल्टाची गोष्ट अर्ध्यावर सोडली. १९०६ मध्ये तिथल्या ब्रिटिश लष्कराने ते दूध बंद केले आणि सैनिकांतला ताप ओसरला. बेटावरच्या सामान्य लोकांत मात्र तो पुढे कित्येक वर्षे टिकला, कारण सैनिकाला हुकूम देता येतो, शेळ्यांवर पोट असलेल्याला देता येत नाही. माझ्या एका म्हशीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर संशोधक तक्ता भरून निघून जातील. त्या म्हशीची किंमत कोण देणार आणि गावात बभ्रा झाल्यावर माझे दूध कोण घेणार? याच भीतीने म्हैस गाभडली तरी लोक बोलत नाहीत, तिला गुपचूप बाजार दाखवतात, आणि रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले तरी ब्रुसेला मरतो. ग्राहकाने दूध उकळावे. त्याला गॅस जड जातो म्हणून माझ्या गोठ्यावर पाळत का?

लाल माती

आमच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या धारोष्ण दूध प्यायले जाते. कोणाला बाधा झाल्याचे ऐकिवात नाही.

निवृत्त पशुवैद्यक

ऐकिवात नसणे हा पुरावा होत नाही. ब्रुसेलाचा ताप दूध प्यायल्यानंतर कित्येक आठवड्यांनी येऊ शकतो, चढतो-उतरतो, सांधे दुखतात, आणि टायफॉइड किंवा मलेरिया समजून त्यावर उपचार होतात; कट्ट्यावरच्या पेल्याची आठवण तोवर कोणाला राहते?

‘चार म्हशींचा धनी’ यांचा उकळण्याचा उपाय योग्य आहे, पण तो ग्राहकापुरता. अडकलेली वार उघड्या हाताने ओढताना किंवा मेलेले रेडकू उचलताना हा जीवाणू त्वचेवरच्या ओरखड्यातून, डोळ्यांतून आणि श्वासातूनही शिरतो, म्हणजे धोका सर्वांत आधी आपल्यालाच आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडींना आयुष्यात एकदाच द्यायची एस-१९ ही लस केंद्राच्या २०१९ च्या रोगनियंत्रण कार्यक्रमात आहे. ती अवश्य टोचून घ्यावी. लस जिवंत जीवाणूंची असल्याने टोचणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, हे जाता जाता.

करवीरकर यांच्याशी माझा मतभेद निराळा आहे. पाश्चात्त्य देशांत बाधित जनावर शोधून कत्तलीला पाठवून रोग आटोक्यात आणला गेला. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी असल्याने गाईंबाबत तो मार्ग मुळातच बंद आहे. तेव्हा बाधित जनावर गोठ्यातच राहणार हे गृहीत धरून संसर्ग कसा कमी करता येईल, त्याला वेगळे कोठे आणि किती काळ बांधायचे, याचे संशोधन इथल्या दोन-चार जनावरांच्या गोठ्यांत व्हायला हवे. नुसती तपासणी वाढवून आकड्यांखेरीज काही हाती लागणार नाही.

करवीरकर

भरपाई आधी ठरावी, हे मला मान्य आहे. तपासणीच नको, हे मान्य नाही. संकलन केंद्रावरच्या एकत्रित दुधाची चाचणी केली, तर कोणा एकाचे नाव पुढे येणार नाही आणि कोणत्या गावात लक्ष घालायचे तेही कळेल.

चार म्हशींचा धनी

कट्ट्यावर उभ्या म्हशीचे ते दूध संकलन केंद्रावर येतच नाही, थेट पेल्यात जाते; म्हणजे ज्या दुधावरून आपण धागा काढला तेच या चाचणीतून सुटणार. शिवाय एकत्रित दुधात दोष निघाल्यावर पुढे एकेका म्हशीचे रक्त घ्यावेच लागेल, आणि नोंद कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर होईल. नाव तिथे उघड होतेच. भरपाईचा लेखी आदेश त्या रक्ताच्या नळीआधी गोठ्यात आला, तर माझी हरकत नाही.