फोनचं कुलूप काढावं का? मी भाच्याला नाही म्हणालो, तुम्ही काय म्हणाला असतात?

खटपट्या

परवा भाच्याने विचारलं, "मामा, माझा फोन रूट करून देशील?" सहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर जेवणाआधी करून दिला असता. या वेळी नाही म्हणालो, आणि का नाही ते सांगताना अडखळलो. म्हणून हा धागा.

नव्यांसाठी आधी थोडं. लोक तीन गोष्टी एकाच पोत्यात भरतात. फोन सुरू होताना "आतली सिस्टीम कंपनीचीच आहे ना" हे बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम तपासतो. बूटलोडर अनलॉक केला की ती तपासणी सुटते. रूट म्हणजे सिस्टीममधला सर्वाधिकार हातात घेणं. कस्टम रॉम म्हणजे कंपनीची सिस्टीम उपटून दुसरीच बसवणं. आयफोनवाल्यांचा जेलब्रेक हा रूटचा चुलतभाऊ.

आता माझी करणी. रात्री दीड वाजता एका लेखातल्या आज्ञा एकामागून एक चिकटवत होतो. त्यातली एक दुसऱ्याच मॉडेलसाठी होती आणि तिने ईएफएस नावाचा विभाग पुसला. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि रेडिओची जुळणी तिथेच असते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. फोन मस्त सुरू झाला. गाणी वाजतायत, कॅमेरा चालतोय, वायफाय धावतंय. फक्त फोन लागत नाही! स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं तर आयएमईआयच्या जागी नुसती शून्यं. बॅकअप? तो घ्यायचा असतो हेही दुसऱ्या दिवशीच कळलं.

पण खरं सांगू का, या "वीट झाली", म्हणजे फोन कामातून गेला, या प्रकाराची मला आता भीती वाटत नाही. वीट निदान दिसते. न दिसणाऱ्याचं काय? २००९ च्या नोव्हेंबरमधला 'आयकी' नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, आठवा. जेलब्रेक केल्यावर बरेच लोक एसएसएच टाकत, म्हणजे दुरून फोनमध्ये शिरायचं दार, आणि मूळचा पासवर्ड बदलत नसत. तो सगळ्या आयफोनांचा एकच होता: 'अल्पाइन'. ऑस्ट्रेलियातला हा वर्म फोनचा वॉलपेपर बदलून एका गायकाचा फोटो लावायचा, एवढीच थट्टा. त्याच महिन्यात त्याच दारातून दुसरा वर्म शिरला आणि तो नेदरलँड्समधल्या एका बँकेच्या ग्राहकांच्या मागे लागला. २०१५ मध्ये 'कीरेडर' नावाच्या घातक प्रोग्रामने जेलब्रेक केलेल्या फोनांतून सव्वादोन लाख अ‍ॅपल खाती चोरली. त्यातल्या कितीजणांना आपला फोन बिघडलाय असं वाटलं असेल?

बिनधास्त_बंडू

खटपट्या, पासवर्ड न बदलणाऱ्याचा दोष जेलब्रेकच्या माथी मारताय तुम्ही. आणि आज्ञा न वाचता चिकटवल्यात तर तो आपला हलगर्जीपणा.

मी फोन विकत घेतलाय, भाड्याने नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०१० मध्येच जेलब्रेकला कायद्यातून सूट दिली, ती उगाच नाही.

सुरक्षेचंच म्हणाल तर एक जुनी गोष्ट मी पण सांगतो. २०११ चा जुलै. 'जेलब्रेकमी' नावाची साइट आली. आयफोनच्या ब्राउझरमध्ये उघडायची, एक बटण दाबायचं, झाला जेलब्रेक. पीडीएफ वाचणाऱ्या भागात भोक होतं, त्यातून. ज्याने ते केलं त्याने सोबत ते भोक बुजवणारा पॅचही दिला, पण तो फक्त जेलब्रेकवाल्यांना टाकता येत होता. अ‍ॅपलचा अपडेट यायला सवा आठवडा लागला. तेवढे दिवस कुलूपवाल्यांचं दार उघडं आणि आमचं बंद. बोला!

आणि कित्येक फोनांचे अपडेट दोन-तीन वर्षांत बंद करून कंपनी मोकळी होते त्याचं काय? माझ्या जुन्या फोनचा शेवटचा सुरक्षा पॅच २०१९ चा होता. त्यावर लिनिएजओएस ही कस्टम रॉम टाकली, आता पॅच येतात. कोणता फोन जास्त धोक्याचा, तुम्हीच सांगा.

लोलक

बंडू +१. पण एक सुधारणा. लिनिएजओएस अँड्रॉइडच्या भागातली भोकं बुजवते. मोडेम, कॅमेरा, चिप यांचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागांच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीकडूनच येतं, ते थांबलं की थांबलं. पॅचची तारीख ताजी दिसते म्हणून सगळंच ताजं झालं असं नाही.

सावली

मी मोबाइल अ‍ॅप तपासण्याचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

बंडू, तुमची २०११ ची गोष्ट खरी आहे, पण उलट बाजूनेही वाचून बघा. नुसतं एक पान उघडून फोनचा सर्वाधिकार मिळत होता. त्या वेळी देणारा सज्जन निघाला. २०१४ च्या 'टॉवेलरूट'ने लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यातल्या, ज्या चुकीतून लोकांना एका बटणात रूट दिलं, तीच चूक पुढे फोनमध्ये घुसणाऱ्या अ‍ॅप्सनीही वापरली. भोक तेच असतं, येणारा बदलतो.

मला रोज दिसतो तो धोका मात्र वेगळाच. रूट केल्यावर बँकेचं अ‍ॅप उघडत नाही. ते गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या तपासणी सेवेला विचारतं, "हा फोन मूळ स्थितीत आहे का?" उत्तर नाही आलं की दार बंद. मग लोक काय करतात? रूट लपवणारं मॉड्यूल, म्हणजे सिस्टीमला जोडायचा छोटा प्रोग्राम, शोधतात. महिन्याभरात गूगल ते पकडतं, मग नवं मॉड्यूल. ते येतं कुठून? कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवरून, एका झिप फाइलमध्ये. लिहिणारा कोण, ठाऊक नाही. आत काय, बघितलेलं नाही. आणि ते चालतं रूटच्याच अधिकाराने.

म्हणजे बघा हं, बँकेचं अ‍ॅप चालावं म्हणून आपण त्याच फोनच्या सगळ्या किल्ल्या एका अनोळखी माणसाला देतो. एकाने मला अभिमानाने फोन दाखवला होता. अकरा मॉड्यूल. प्रत्येक काय करतं विचारलं, तर चौथ्यानंतर गडी गप्प.

निवांत_पोपट

अकरा? माझी सोळा आहेत. 🙈 आता जाऊन बघतो.

बिनधास्त_बंडू

सावलीताई, झिपचा मुद्दा मान्य. मी स्वतः उघडं सोर्स, म्हणजे कोड कुणालाही वाचता येईल असं, असल्याशिवाय टाकत नाही, पण सगळे तसं करत नाहीत हेही खरं.

पण मग ही वेळ आणली कुणी? पॅच थांबून चार वर्षं झालेला, भोकांची चाळण झालेला फोन कंपनीच्या मूळ सिस्टीमवर असेल तर पुष्कळ अ‍ॅप्सना तो चालतो. आणि गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी कस्टम रॉम टाकली, तिच्या किल्लीने बूटलोडर परत लॉक केला, पॅच गेल्या आठवड्याचा, रूट नाहीच, तरी कित्येक अ‍ॅप्स "असुरक्षित उपकरण" म्हणून हाकलतात. याला सुरक्षेची तपासणी म्हणायचं? ही तर 'गूगलने शिक्का मारलाय का' याची तपासणी झाली.

सावली

याबाबत मी तुमच्या बाजूने आहे, आणि कामाच्या जागी यावरून भांडलेही आहे. उत्तर मिळालं, "पण ऑडिटमध्ये रूट तपासणीचा रकाना भरायचा असतो." पुढे काय बोलणार!

पण तुम्ही 'परत लॉक केला' म्हणालात ना, माझा सगळा जीव त्या तीन शब्दांत आहे. बहुतेक मॉडेलांवर कस्टम रॉम टाकली की बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. चालू करताना ती इशारा देणारी पाटी येते, पाच सेकंद थांबून फोन पुढे जातो, आणि आठवड्यात आपण ती वाचणं सोडतो. अशा फोनमधला डेटा पिनशिवाय उलगडत नाही, बरोबर. पण तासभर कुणाच्या हाती लागला तर तो सिस्टीमच बदलून ठेवू शकतो, आणि पिन मग तुम्ही स्वतःच टाकता. बंद कुलपाचा फोन अशी बदललेली सिस्टीम चालूच करत नाही.

अडगळ

विकणाऱ्यांसाठी: सॅमसंगच्या नॉक्सवाल्या (नॉक्स म्हणजे त्यांची सुरक्षा यंत्रणा) फोनांत एक फ्यूज असतो. परकी सिस्टीम टाकली की तो कायमचा उडतो, मूळ सॉफ्टवेअर परत टाकूनही जुळत नाही. सिक्युअर फोल्डर, म्हणजे खाजगी गोष्टींचा कुलूपबंद कप्पा, गेलं म्हणून समजा. शिवाय बऱ्याच फोनांत अनलॉकनंतर वाइडवाइन, म्हणजे सिनेमांची नक्कल रोखणारी यंत्रणा, खालच्या पातळीवर घसरतं, मग सिनेमे एचडीत दिसत नाहीत. आणि अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. फोटो आधी काढून घ्या, दरवेळी कुणीतरी रडत येतं.

लोलक

अवांतर: हा वाद किती दिवस करता येईल कोण जाणे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून अ‍ॅप टाकायचं तरी त्याच्या विकसकाने गूगलकडे ओळख नोंदवलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्येच म्हणाले, जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू. म्हणजे उद्या साधी एपीके (अ‍ॅपची फाइल) टाकणाराही 'जाणकार' ठरणार.

खटपट्या

वाचतोय सगळं. बंडू, जुन्या, पॅच थांबलेल्या फोनबद्दल तुमचं पटलं. त्यावर नाही म्हणणं हा माझा आळस होता.

भाच्याचा फोन मात्र नवा आहे. काल त्याला विचारलं, "तुला नेमकं हवंय काय?" तर कंपनीने आधीच कोंबलेली अ‍ॅप्स घालवायची होती. बस्स! त्याला रूट कशाला? कॉम्प्युटरला फोन जोडला, एडीबीने, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने, एकेक अ‍ॅप त्याच्या खात्यापुरतं काढलं, वीस मिनिटांत बावीस अ‍ॅप्स गेली. बूटलोडरला हातही लावला नाही. फॅक्टरी रीसेट केला तर ती परत येतील, म्हणजे चूक झाली तरी परतीची वाट आहे.

आता स्फुरण चढलंय. माझ्या कपाटातल्या जुन्या फोनवर कस्टम रॉम आहे आणि बूटलोडर उघडा. सावलीताईंचं वाचून तोही लॉक करून टाकतो आजच.

सावली

थांबा! मूळ सॉफ्टवेअर परत टाकल्याशिवाय लॉक करू नका. परकी सिस्टीम तशीच ठेवून कुलूप लावलंत तर फोन ती ओळखणार नाही आणि सुरूच होणार नाही. आधी कंपनीचं, त्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर, तेही आत्ता फोनमध्ये आहे त्याहून जुनं नको. मागच्या आवृत्तीला अडवणारा फ्यूज असलेल्या फोनांत तेवढ्यानेही वीट होते. एकदा पूर्ण सुरू होऊ द्या, मग लॉक.

खटपट्या

केबल लावून बसलो होतो. काढली.