कंडिसेंडिंग म्हणजे तुच्छ लेखणारा नव्हे!

चौकस: काल इथे एका सभासदाने लिहिलं, ‘कंडिसेंडिंग म्हणजे तुच्छ लेखणारा. दुसऱ्याची चूक काढणारा प्रत्येक जण कंडिसेंडिंगच.’ वादात उत्तर सुचलं नाही की हल्ली हा शब्द तोंडावर फेकायचा आणि मोकळं व्हायचं. अहो, तुच्छ लेखणाऱ्यासाठी कंटेम्प्चुअस आहे. ‘अक्कल नाही तुला, चालता हो’ हे कंटेम्प्चुअस. कंडिसेंडिंग माणूस हाकलत नाही, जवळ घेतो. आईबरोबर बँकेत गेलो होतो. आई गणित शिकवून निवृत्त झालेली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आज्जी, व्याजाचं तुम्हाला नाही कळायचं हं, इथे फक्त सही करा.’ बाळाला भरवताना काढतात तसा आवाज. अपमानाचा एक शब्द नाही, मग तक्रार कशाची करणार? याला म्हणतात कंडिसेंडिंग.

माणदेशी: म्हणजे गोड आवाजात अपमान झाला तरच तुमचा शब्द लागू? ऐकणाऱ्याला कमीपणा वाटला, विषय संपला. आणि अर्थ बदलतातच. कंडिसेंशन हा एकेकाळी गुण होता. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीत कॉलिन्स पाद्री आपल्या आश्रयदात्या, उमराव घरच्या लेडी कॅथरिनच्या कंडिसेंशनचे गोडवे गातो. तेव्हाचा गुण आज दोष झाला, मग अजून थोडा सरकला तर बिघडलं कुठे?

चौकस: ऑस्टिन तिथे कॉलिन्सची टर उडवते, तेही सांगा की. कंडिसेंड म्हणजे मुळात खाली उतरणं. शब्द फिरला, कारण उतरण्यात उंची गृहीत आहे. उमराव खरोखरच वरचे, असं सगळे मानत होते तोवर त्यांचं खाली येणं मोठेपणाचं होतं. लोक बरोबरी मागायला लागले तशी ती उंचीच खुपायला लागली. पण उतरणं कायम आहे. तेच काढलंत तर नुसता उद्धटपणा उरतो, आणि त्याला शब्द ढिगाने आहेत.

कृष्णाकाठ: ख्रिस्ती धर्मशास्त्रात देवाच्या कंडिसेंशनबद्दल आजही आदरानेच लिहितात. आपल्या ‘अवतार’ शब्दातही खाली उतरणंच आहे. देवाने उतरलेलं चालतं, कारकुनाने नाही.

माणदेशी: देवाचं राहू द्या. मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा ‘आनि’, ‘पानी’ म्हणायचो. पहिल्याच सादरीकरणानंतर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘छान मांडलंस हो, आता तेवढा ण शिकून घे.’ वर्गात हशा. त्यानंतर वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही.

शुद्धमती: यात मॅडमचं काय चुकलं? मीही मराठी शिकवते. आम्ही सांगितलं नाही तर हीच मुलं मुलाखतीत मार खातात, आणि मग म्हणतात शाळेने शिकवलं नाही. दर वेळी गावाकडचा अपमान झाला म्हणून गळा काढायचा, हे आता पुरे!

माणदेशी: गळा काढतोय? ‘आनि’ ही चूक नाही, आमची बोली आहे. बहिणाबाई ‘मानूस’ म्हणतात, त्यांचंही शुद्धलेखन तपासणार का?

शुद्धमती: बहिणाबाईंना नोकरीचा अर्ज करायचा नव्हता. कविता वेगळी, अर्ज वेगळा. उगाच मोठी नावं मध्ये आणू नका.

ठाणेकर: मुलाखतीचं मी सांगते. इंग्रजीत सगळी उत्तरं दिल्यावर साहेब हसून म्हणाले, ‘मराठी मीडियमच्या मानाने फारच छान बोलता.’ नोकरी मिळाली, पण ते ‘मानाने’ अजून डोक्यातून जात नाही.

चौकस: याहून चांगलं उदाहरण कोशातही मिळणार नाही. स्तुती पूर्ण, आणि त्याच वाक्यात तुमची पायरीही दाखवून झाली.

माणदेशी: मग माझ्या मॅडमनी वेगळं काय केलं? ‘छान मांडलंस हो.’ तुमच्याच व्याख्येत चपखल बसतं. तेव्हा घ्या, व्याख्या मान्य. तुम्हाला आनंद होईल. पण शुद्धमतीबाई, आता तरी बोला.

शुद्धमती: चारचौघांत सांगायला नको होतं, एवढंच मान्य. एकटं गाठून सांगायला हवं होतं. पण ण मी शिकवणारच, मग मला कंडिसेंडिंग म्हणा नाहीतर आणखी काही.

माणदेशी: शिकवा ना. पण आधी त्या पोराने काय मांडलंय त्यावर दोन वाक्यं बोला. माझा विषय दुष्काळी चारा छावण्यांचा होता. त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही.