बी विंगमधे डोळे आलेत, सोसायटी ग्रुपवरची चर्चा

कुलकर्णी काकू, बी-४०२: बी विंगमधे तीन-चार घरांत डोळे आलेत. ज्यांना आलेत त्यांनी प्लीज काळा गॉगल लावूनच खाली उतरा, काल लिफ्टमधे एक मुलगा लालभडक डोळ्यांनी माझ्याकडेच बघत होता आणि आज सकाळपासून माझाच डोळा खाजतोय

रोहन, ए-१०३: काकू बघितल्याने नाही होत हो 😄

कुलकर्णी काकू: आमची आई तर डोळ्याला डोळा भिडवू द्यायची नाही

डॉ. मनीषा, सी-२०१: काकू, नजरेतून काही येत नाही. डोळ्यातलं पाणी नाहीतर चिपडं हाताला लागतं, तो हात टॉवेलला, कडीला, मोबाइलला लागतो आणि दुसऱ्याने तिथेच हात लावून स्वतःचा डोळा चोळला की झालं. गॉगलने उजेड खुपत नाही आणि सारखा डोळ्याला हात जात नाही, बाकी समोरच्याचं त्यात काही वाचत नाही

सेक्रेटरी: मग दर तासाला लिफ्टच्या बटणांवर सॅनिटायझर मारायला सांगतो वॉचमनला

रोहन: झालं, परत २०२० सुरू! दुधाच्या पिशव्या धुवून धुवून हात सोलले होते आमच्या आईचे आणि मग २०२१ मधे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनेच, सीडीसीने, सांगितलं की वस्तूला हात लावून कोरोना व्हायची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी

डॉ. मनीषा: ते कोरोनाचं, तो मुख्यतः हवेतून यायचा. हे प्रकरण वेगळं. डोळ्यांच्या साथीत बहुतेकदा अ‍ॅडेनो नाहीतर एन्टेरो व्हायरस असतात, त्यांना कोरोनासारखं चरबीचं आवरण नसतं त्यामुळे नेहमीचं सॅनिटायझर त्यांच्यावर फारसं चालत नाही, आणि अ‍ॅडेनो तर कोरड्या प्लास्टिकवर, स्टीलवर आठवडे टिकू शकतो. २०२३ च्या जुलैत आळंदीत मुलांचे डोळे आले होते आठवतंय ना, त्या वेळी एनआयव्हीला, म्हणजे पुण्याच्या विषाणू संस्थेला, पुण्यातल्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए२४ सापडला, तोही एन्टेरोच. बटणं पुसायचीच तर ब्लीचच्या पातळ पाण्यात कापड पिळून पुसा, फवारू नका, पॅनल जाईल. पण मला बटणांपेक्षा टॉवेलची जास्त काळजी आहे

जोशी आजोबा, ए-२०२: ७१ साली मी कलकत्त्याला होतो, तिथे या साथीला जय बांगला म्हणायचे. आमच्या मेसमधे एकाच पंच्याला सगळे तोंड पुसायचे, एकही सुटला नाही

स्नेहा, ए-६०४: डॉक्टर एक विचारायचं होतं, परवा गणपतीच्या डान्सची रंगीत तालीम झाली ना तेव्हा सगळ्या मुलींना एकाच काजळ पेन्सिलने काजळ लावलं, म्हणजे लाइनच लावली होती, एकीचं झालं की दुसरी, आणि हॉलच्या बेसिनपाशी तो पिवळा नॅपकिन सकाळपासून ओलाच होता, त्यालाच सगळ्यांनी तोंडं पुसली

डॉ. मनीषा: अगं मग लिफ्टला कशाला बोल लावताय! ती पेन्सिल फेकून दे, टोक करून परत वापरू नका. नॅपकिन आत्ता काढा. ज्या घरात डोळे आलेत तिथे प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज बदला आणि ड्रॉप घातला की साबणाने नीट वीसेक सेकंद हात धुवा

पाटील, बी-१०१: आमच्याकडे मागच्या वेळचे ड्रॉप्स अर्धी बाटली शिल्लक आहेत, कोणाला हवे तर घेऊन जा

डॉ. मनीषा: पाटील साहेब, नको! बाटलीचं टोक पापणीला टेकलेलं असतं, तेच दुसऱ्याच्या डोळ्यात जाणार. शिवाय त्यात स्टेरॉइड असेल आणि भलतंच इन्फेक्शन निघालं तर बुबुळाला इजा होऊ शकते. काकू, तुम्ही संध्याकाळी येऊन डोळा दाखवून जा

कुलकर्णी काकू: येते गं. गॉगल लावून येऊ का?

रोहन: 😂

सेक्रेटरी: हॉलमधे नॅपकिन बंद, टिश्यू रोल ठेवतो. खर्च मेंटेनन्समधून का सांस्कृतिक फंडातून?

स्नेहा: मेंटेनन्समधूनच हो, फंडात डेकोरेशनलाच पैसे पुरत नाहीयेत. पेन्सिली मुलींनी आपापल्या घरून आणा

पाटील: पिवळा नॅपकिन आमच्या हिचा आहे, धुवायला पाठवून द्या