मैत्रिणीचा घटस्फोट झालाय, कॉलेजातला 'तो' परत आलाय, तिला काय सांगू?

कळंब्याची_कळी
नमस्कार मंडळी, जरा लांबड आहे, सांभाळून घ्या. माझी जवळची मैत्रीण, वय ३९, पोरगी चौथीत. म्युच्युअल डिव्होर्स होऊन आठ महिने झाले, आता राजारामपुरीत माहेरी वरच्या मजल्यावर राहते. आम्ही शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला होतो तेव्हा तिचं एकावर होतं, जात आडवी आली, दोन्ही घरांनी मोडलं. त्यानं दिवाळीत व्हॉट्सॲपवर नुसतं "कशी आहेस" टाकलं आणि आता दर दुसऱ्या शनिवारी गडी पुण्यावरनं येतोय. रंकाळ्यावर फिरतात (रंकाळ्यावर फिरणं म्हणजे अख्ख्या गावाला पत्रिका वाटणं, पण ऐकतंय कोण). परवा भेळ खाताना म्हणाली, खरं सांग, पुढं जाऊ का? मला बरं पण वाटलं आणि पोटात गोळा पण आला, कारण त्याची बायको दोन वर्षं माहेरी आहे आणि हा म्हणतो "केस होईलच". खरं बोलले तर ती तुटेल, नाही बोलले तर मला झोप नाही.

शाहूपुरीचा_शहाणा
होईलच म्हंजे? केस नंबर माग म्हणावं. ईकोर्ट्सच्या साइटवर फुकटात दिसतंय, कधी दाखल झाली, पुढची तारीख काय. नंबरच नसंल तर विषय कट.

पायताण_करकरतंय
वरच्या दादांशी सहमत. मी वकील नाही पण माझ्याच केसमध्ये साडेतीन वर्षं तारखा खाल्ल्यात त्यामुळं थोडं कळतं. दोघं राजी असतील तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबा, ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय. पण बायको राजी नसेल तर कलम १३, आरोप सिद्ध करत बसा, आणि मध्येच पोटगीचा अर्ज पडला की आणखी लांबण. तोवर त्यानं हिच्याशी लग्न केलं तर ते लग्नच धरत नाहीत, वर द्विभार्येचा गुन्हा (पूर्वी ४९४, आता न्याय संहितेत ८२). आणि एक, तुमच्या मैत्रिणीला महिन्याची पोटगी ठरली असेल तर लग्न केल्यावर नवरा ती बंद करून मागू शकतो. पोरीचा खर्च वेगळा, तो बापाला सुटत नाही. कन्सेंट टर्म्स (घटस्फोटाच्या वेळी दोघांनी सही केलेल्या अटी) परत एकदा वाचायला सांगा, सही करताना कोण वाचतंय, मी पण नव्हती वाचली.

जुना_बुलेटवाला
कायद्याचं झालं, आता माझं ऐका. मी केलंय हे. घटस्फोटानंतर कॉलेजातलीशीच लग्न, सहा वर्षं झाली, चाललंय बरं. पण पहिलं वर्ष लई बेकार गेलं. मी बावीस वर्षांच्या पोरीवर प्रेम करत होतो आणि घरात आलेली बाई चाळिशीची. तिला आवडायचं म्हणून पिस्ता आइसक्रीम घेऊन गेलो, तर तिला शुगर! तिनं हसून फ्रीजमध्ये ठेवलं, महिनाभर तसंच पडून होतं, मला ते बघवेना. मुलाला आधी "काका" म्हणून ओळख करून दिली आणि चार महिन्यांत एकदम त्याच घरात, तो वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही, चूक माझीच. शनिवारी रंकाळ्यावर कुणीबी गोड बोलतंय ओ. पोरीला ताप आलाय, सिलिंडर संपलाय, अशा मंगळवारी फोन केल्यावर गडी काय करतो ते बघा.

मंगळवारपेठेची_मावशी
बाळ, तू सांगू नकोस, विचार. तिला तो पाहिजे का तेव्हाची ती पाहिजे? मोडलेल्या बाईला कुणीतरी छान म्हटलं की आधी तेच गोड लागतं, त्यात तिचा काय दोष. आणि तुझ्या पोटातला गोळा तिच्यासाठीच आहे ना, का शनिवारची भेळ तुझ्या वाट्याची गेली म्हणून? रागावू नको, मला पण झालेलं असं.

कळंब्याची_कळी
मावशी, शनिवारचं बरोबर ओळखलंत 🙈 अपडेट देते. तिनं नंबर मागितला, त्यानं दोन दिवसांनी का होईना दिला. केस खरीच आहे, पुण्यात. पण दाखल झालीय दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे दोन वर्षं काहीच नव्हतं, हिच्याशी बोलणं झाल्यावर केली. ती खूश, म्हणते बघ माझ्यासाठी केली. मला हे चांगलं का वाईट तेच कळेना.

पायताण_करकरतंय
तारीख सोडा. खाली कायदा आणि कलम लिहिलेलं असतं. १३ आहे का १३-ब?

कळंब्याची_कळी
१३. तिनं नुसती तारीख बघितली. मी आज संध्याकाळी जाते तिच्याकडं.