शिराझ वाईनची टाकी आंबता आंबता मध्येच थांबली, तातडीने मदत हवी

पांझराकाठ: साक्री तालुक्यात आमची घरची द्राक्षबाग, तिथेच छोटी वायनरी. शिराझ मस्त आंबत होती, आता बुडबुडे बंद. रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) १३ च्या खाली येईना. वडील म्हणतात थांब, आपोआप धरेल. वर्षाचा माल आहे हो. काय टाकू?

बागलाणकर: सुरुवातीचा ब्रिक्स (रसातलं साखरेचं प्रमाण)? यीस्ट कोणतं? तापमान? हे कळल्याशिवाय काय सांगणार, भाऊ?

गिरणाकाठची: डीएपी (यीस्टचं नत्रयुक्त खाद्य) टाका. आमच्याकडे रात्रीतून उसळी मारतं.

बागलाणकर: ताई, सुरुवातीला ठीक, आता नको. अल्कोहोल चढल्यावर यीस्टला ते घेता येत नाही, उरलेल्यावर नको ते जंतू पोसतात. आणि हे वाचून कोणी खताच्या गोणीतली १८:४६ डीएपी टाकू नका! खाण्याच्या दर्जाचीच लागते.

केळीवाला_रावेर: परवाना आहे ना? १९४९ चा दारूबंदी कायदा घरच्या वाईनलाही लागतो. बाकी केळीच्या वाईनचा विचार करा. भाव पडला की इथे घड बांधावर फेकावे लागतात, जीव तुटतो.

पांझराकाठ: परवाना आहे. केळी नाहीत. ब्रिक्स २४ होता. यीस्ट पाकिटातलं नाही, सालीवरचंच, वडिलांचा तोच आग्रह. सालींच्या थराखाली ३७ डिग्री. वर पत्रे आहेत, मार्चातलं इथलं ऊन तुम्हाला माहीत आहे.

सातपुडा_पायथा: वडिलांचं बरोबर आहे. धडगावकडे मोहाच्या फुलांत कोण पाकीट टाकतं?

बागलाणकर: दादा, मोह आंबवून भट्टीवर चढवतात, साखर उरली तरी भांड्यातच राहते. वाईनमध्ये ती बाटलीत जाते आणि पुन्हा आंबते. सालीवरचं बरंचसं यीस्ट ४-५ टक्के अल्कोहोललाच गळतं. पुढचं काम ज्याच्यावर होतं, ते ३७ ला होरपळलं.

पांझराकाठ, आधी हायड्रोमीटर (रसात तरंगणारा मापक) लावा. अल्कोहोल आल्यावर रिफ्रॅक्टोमीटर जास्त दाखवतो. साली पिळून बाजूला करा, रस पंचविशीपर्यंत थंड करा. मग बायानस जातीचं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून विरजणासारखं जामन बनवा. थेट टाकीत ओतलं तर मरेल.

सातपुडा_पायथा: म्हणजे शेवटी पाकीटच! मग गावाची चव कुठे राहिली?

बागलाणकर: चव बागेतून येते. व्हिनेगर झाल्यावर ती कोणाला कळणार?

पांझराकाठ: हायड्रोमीटर साडेपाच दाखवतोय. साली काढल्या, बर्फाच्या पाण्याचे पाईप फिरवून २६ वर आणलं. वडील तयार झाले, पण एकाच टाकीपुरते. जामन फेसाळलंय. आता सगळं ओतू का?

बागलाणकर: नाही! जामनाइतकाच टाकीतला रस त्यात घाला. पुन्हा बुडबुडे आले की तेवढंच परत. असं वाढवत न्या, मग टाकीत. तोवर टाकीचं झाकण घट्ट ठेवा, हवा नको.

गिरणाकाठची: आणि पत्र्यावर ओली पोती टाका, आजच.