फाशाचा आकडा आणि क्रिसी

(पुढे स्पॉयलर आहेत, बघायचं राहिलं असेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या.)

वर म्हटलंय की ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेब सिरीजच्या चौथ्या सीझनचा पहिला भाग नुसता रेंगाळतो. अर्धं पटलं. जॉयसला (विलच्या आईला) आलेलं ते रशियन बाहुलीचं पार्सल मलाही तेव्हा उगाचच वाटलं होतं. पण बास्केटबॉलची मॅच आणि शाळेतल्या एडीच्या टोळक्याचा डी अँड डी (फासे टाकून खेळायचा कल्पित साहसांचा खेळ) एकत्र गुंफलाय, तो भाग परत बघा. डस्टिनचा फासा फुकट जातो, मग एवढीशी एरिका थेट २० (फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा) टाकते आणि तिकडे लुकसचा बॉल बास्केटमध्ये! सगळे खूश, आणि आपण गाफील.

मग एडीचा ट्रेलर. तो आतल्या खोलीत नशेचा माल शोधतोय, बाहेरच्या खोलीत त्याच्याच शाळेतली चीअरलीडर क्रिसी डोळे उघडे ठेवून नुसती उभी. तो हाका मारतोय, चुटक्या वाजवतोय, ती ढिम्म. मग ती हवेत उचलली जाते, आणि छताला टेकल्यावर हाडं मोडल्याचा तो कडकड आवाज... मी हेडफोनच काढून ठेवला. आधीच्या सीझनांत राक्षस बाहेरून यायचा. इथे तो पोरांच्या मनातली लाज नि अपराधीपणा हेरून आत शिरतो, म्हणून जास्त टरकायला होतं.

इलेव्हनला शाळेत छळणारी अँजेला मात्र डोक्यात गेली. इलेव्हनने एवढं खपून केलेल्या मॉडेलची वाट लावली कार्टीने!