उत्तर: सवाईला एकटीनं जाण्याबद्दल

वर कुणीतरी लिहिलंय की पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला एकट्यानं जाऊ नये, चहाला उठलं की जागा गेलीच. मला हे पटत नाही. भारतीय बैठकीत एकट्या माणसाला जागा मिळणं उलट सोपं. चौघांचा घोळका फिरत राहतो, तेवढ्यात एकटा माणूस दोन सतरंज्यांच्या मधल्या फटीत मावतो! आणि उठताना शेजारच्या काकूंना "जरा लक्ष ठेवाल का?" एवढंच म्हणायचं. मुकुंदनगरच्या मैदानावर मी पाच वर्षं एकटी जातेय, परत आल्यावर माझी शाल तिथंच असते.

इथं कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे शेजार. पहिल्या वर्षी शेजारी एक आजोबा होते, विलंबित एकतालाच्या, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाच्या, मात्रा बोटांवर मोजत. मी बघतेय हे लक्षात आल्यावर न बोलता त्यांनी हात माझ्याकडे सरकवला, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हळूच टाळी दिली. तासाभरात मला सम दिसायला लागली. सोबत मैत्रीण असती तर आम्ही बोलत बसलो असतो.

शेवटच्या दिवशी मात्र लवकर निघू नका. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आणि समारोपाला त्या गुरूंचंच, सवाई गंधर्वांचं, जुनं ध्वनिमुद्रण लावतात. पार्किंगच्या घाईत निम्मं मैदान उठतं. एकट्या माणसाला "चल गं, उशीर होतोय" म्हणणारं कुणी नसतं.